न फाटलेल्या भाकरीच्या गावी

दरवर्षी थंडी पडायच्या सुमाराला कोल्हापुरातले आम्ही पाच-सहा पुस्तकवाले चहाच्या टपरीवर जमतो आणि परदेशातला मोठा साहित्य पुरस्कार यंदा खरं तर कुणाला मिळायला हवा होता, यावर भांडतो. ज्याला मिळालेला असतो त्याचं नाव आमच्यापैकी कुणाला धड उच्चारता येत नाही, पुस्तक तर कुणी पाहिलेलंही नसतं. पण 'यंदा राजकारण झालं' हा ठराव एकमताने मंजूर होतो. दोन वर्षांपूर्वी या भांडणात अडचण आली. पुरस्कार मिळालेलं पुस्तक मी छापलेलं होतं.

म्हणजे मूळ मराठी कादंबरी. माझी प्रकाशन संस्था म्हणजे घराची पुढची खोली आणि तिचं गोदाम म्हणजे माझ्या पलंगाखालची जागा. नऊ वर्षांपूर्वी खालापूर तालुक्यातल्या सुमनताईंनी पोस्टाने एक जाडजूड बाड पाठवलं. रसायनीच्या एका कारखान्यात हजेरीचे तक्ते भरत त्यांनी तीस वर्षं काढली होती आणि त्याच तक्त्यांच्या पाठकोऱ्या बाजूला ही कादंबरी लिहिली होती. मी छापली, कारण मला आवडली. लोकांनी घेतली नाही, कारण त्यांना कळलंच नाही. मग एका बाईंनी ती इंग्रजीत नेली, तिथून ती लांब यादीत गेली, लांब यादीतून आखूड यादीत, आणि एका सकाळी टपरीवरच्या मित्रांनी मला हार घातला. लगेच 'यंदा राजकारण झालं' असंही म्हणाले.

कादंबरीत एक दोन ओळींचा प्रसंग आहे. खालच्या आळीतली बौद्ध मुलगी वरच्या आळीतल्या कुणबी मैत्रिणीच्या चुलीपाशी पहिल्यांदा पाऊल टाकते आणि त्याच क्षणी मैत्रिणीच्या हातातली तांदळाची भाकरी फाटते. मुद्रितं तपासताना मी या जागी जांभई दिली असण्याची दाट शक्यता आहे. परीक्षकांना मात्र त्या भाकरीत फाटलेला समाज दिसला, फाटलेलं बालपण दिसलं, आणखीही बरंच काही फाटलेलं दिसलं. इंग्रजीत तर पुस्तकाचं नावच 'फाटलेली भाकरी' झालं होतं. मी तरी मागे का राहू? दुसऱ्या आवृत्तीसाठी नवं मुखपृष्ठ करून घेतलं. काळ्यावर पांढरी भाकरी आणि मधोमध चीर.

छपाई सुरू होणार त्याच्या आदल्या आठवड्यात सुमनताईंचा फोन आला.

"भाऊ, छपाई थांबवा. एक वाक्य बदलायचंय."

"सांगा, लिहून घेतो. कुठलं?"

"भाकरीचं."

मी खाली बसलो. त्या पुढे म्हणाल्या, "काय बदलायचं ते मी नाही सांगू शकत. ते जिची भाकरी होती ती हिरा सांगेल. आणि हिरा माझ्याशी बोलत नाही. तुम्हीच या."

कर्जत

जानेवारीत घाट उतरून कर्जतला आलं की कोल्हापूरच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो म्हणजे इथे ऊस कुठे आहे. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत सगळीकडे वाल पेरलेला, त्याच्यामागे माथेरानचा डोंगर आडवा पडलेला. स्टेशनवर वडापाव खाल्ला. चांगला होता. आमच्याकडे ताटात तांबडा-पांढरा नसेल तर त्याला जेवण म्हणत नाहीत, त्यामुळे याहून जास्त कौतुक माझ्याकडून व्हायचं नाही.

माझी सोय सत्कार समितीने चौक गावाच्या रस्त्यावरच्या एका फार्महाऊसवर केली होती. सत्कार म्हणजे सुमनताईंचा, गावातर्फे, तिसऱ्या दिवशी. समितीचे अध्यक्ष माजी सरपंच रघुशेठ. प्लॉटचा व्यवसाय. वाटेत त्यांचे फ्लेक्स दिसत होते. त्यांवर रघुशेठ कमरेपर्यंत होते आणि जागतिक कीर्तीच्या लेखिका उजव्या कोपऱ्यात पासपोर्ट आकारात.

फार्महाऊसवर दुपारच्या जेवणात एक मोठी पांढरी बशी आली. तिच्यात चमचाभर वालाची उसळ, एक जास्वंदीचं फूल आणि एक भाकरी, मधोमध फाटलेली. शेजारी इंग्रजी कार्ड. पुरस्कारविजेत्या कादंबरीतली हीच ती सुप्रसिद्ध भाकरी, असा त्याचा मतलब होता.

भाकरी मऊसूत होती. मी जन्मभर ज्वारीची खाल्लेली. ती थापताना चार घरं आवाज जातो, आणि फाटायचं तिच्या मनात असेल तर ती विचारत बसत नाही. ही उकड काढून, मळून केलेली, पापुद्रा सुटलेली, कडा एकसारख्या. अशी भाकरी मधोमध सरळ रेषेत फाटेल कशी, असा प्रश्न मला पडला. मी उठून मुदपाकखान्यात डोकावलो. टोपलीत दहा-बारा गोल, सबंध भाकऱ्या फडक्यात गुंडाळलेल्या होत्या. आचारी त्यातली एकेक काढून फाडत होता.

मॅनेजर ओशाळला. "सर, पाहुणे फाटलेलीच मागतात. आम्ही बचत गटाला म्हटलं, तिकडूनच फाटलेल्या पाठवा. तर त्या मावशी आमच्यावर अशा खवळल्या, की उद्यापासून भाकरीच बंद."

"कोण मावशी?"

"हिराबाई."

चौकच्या पुढे

लोधिवलीच्या पुढे आत वळलं की सुमनताईंचं गाव येतं. त्यांनी पुस्तकात नाव बदललंय, म्हणून मीही ते सांगत नाही. नाहीतर तुम्हीही भाकरी बघायला जाल. रिक्षावाल्याला मी फक्त 'बक्षीसवाल्या ताईंकडे पुस्तकाच्या कामासाठी' एवढंच सांगितलं होतं. गाव येईपर्यंत त्याने तीन ठिकाणी रिक्षा थांबवून "बक्षीस देनारा मानूस आलाय तपासायला" असं जाहीर केलं. मी नाही म्हणालो. पण कोट घातलेला होता, त्यामुळे कुणी ऐकलं नाही.

सुमनताईंचं घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. भिंतीतल्या कोनाड्यात बुद्धाची लहान मूर्ती. पुरस्काराचं सन्मानचिन्ह म्हणजे काचेची एक जड वीट, ती वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवलेली होती. "वाऱ्याने उडतात हो," त्या म्हणाल्या.

चहा घेता घेता त्यांनी मला समारंभाची गोष्ट सांगितली. मोठं दालन, टेबलावर प्रत्येकाच्या पुढ्यात पाच काटे आणि खायला दोन घास. आखूड यादीतले सहाही लेखक असे शांत बसलेले, जणू निकाल शेजारच्याचा आहे. पण टेबलाखाली प्रत्येकाचा पाय हलत होता, त्यांनी पाहिलं. नाव पुकारलं तेव्हा शेजारच्या थंड देशातल्या उंच लेखकाने त्यांना मिठी मारली आणि तो हमसून रडला. "मला वाटलं, दुःखाने. तर म्हणाला, सुटलो! आता मला घरी जाऊन लिहिता येईल. तुम्हाला मात्र दोन वर्षं बॅग ओढावी लागणार." तो खरं बोलला होता. त्यानंतर सुमनताई अकरा देश हिंडल्या आणि नवी एक ओळ लिहिली नाही.

"हिराबाई बोलत का नाहीत?" मी मुद्द्यावर आलो.

"आम्ही पंचावन्न वर्षं मैत्रिणी. रोज दुपारी ती चहाला इथे यायची. पुस्तक नऊ वर्षांपूर्वी निघालं, पण गावात वाचलं कुणी? बक्षीस मिळाल्यावर तिच्या सुनेने बचत गटात मोठ्याने वाचून दाखवलं. त्या दिवसापासून आली नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "सगळं जग माझ्याशी बोलतंय, भाऊ. जिच्याशी मला बोलायचंय तीच बोलत नाही. मला फार एकटं वाटतं."

"त्या दिवशी खरं काय झालं होतं, ते मला सांगा. मी वाक्य करतो."

"ती तिच्या घरातली गोष्ट आहे. तिने होय म्हटल्याशिवाय माझ्या तोंडून निघायची नाही."

वरची आळी

हिराबाईंच्या घराला आता स्लॅब आहे, लाद्या आहेत, दाराला ग्रॅनाइटची चौकट आहे. मागच्या पडवीत मात्र दोन चुली पेटलेल्या आणि बचत गटाच्या चार बायका उकड मळत बसलेल्या. हिराबाई मधोमध. किरकोळ अंगाच्या, पण आवाज खणखणीत.

"तपासायला आलात ना? बसा." त्यांनी माझ्यापुढे ताट ठेवलं. वालाचं बिरडं, सुकट आणि वाफाळती भाकरी. "ही बघा. कुटं फाटलीय का? उलटी करून बघा."

मी उलटी करून पाहिली. कुठे फाटलेली नव्हती. मी परीक्षक नाही, मी फक्त मराठी पुस्तक छापलं, असं मी कबूल केलं.

"मंग तर गुन्हेगार तुमीच. पानी उकळलेलं नसलं तर भाकरी फाटते, पीठ जुनं आसलं तर फाटते. मानूस घरात आला म्हनून भाकरी फाटलेली कुनी बगितलीय का? तुमाला छापताना येवढं पन कळलं नाय?"

मला कळलं नव्हतं. पाच परीक्षकांनाही कळलं नव्हतं, आणि पुस्तकावर लिहिणाऱ्या देशोदेशीच्या विद्वानांनाही नाही. त्यांच्यापैकी एकाने जरी आयुष्यात उकड काढली असती तरी हा पुरस्कार दुसऱ्या कुणाला गेला असता.

"मग काय झालं होतं ते सांगा. मी पुस्तकात घालतो. मी त्याचसाठी आलोय."

"लिवलं तिनं. सांगल बी तीच."

"त्या म्हणतात तुम्ही सांगाल."

मळणाऱ्या बायका हसायला लागल्या. हिराबाई हसल्या नाहीत. हातातला गोळा परातीत ठेवून म्हणाल्या, "तिला म्हनावं, सवता ये. आनि ओटीवर नाय बसायचं. आत ये म्हनावं."

हे मला आधी समजलं नाही. समजावलं ते एका मळणाऱ्या बाईंनी, मला फाटकापर्यंत पोहोचवताना. पंचावन्न वर्षांत हिराबाई सुमनताईंच्या घरी शेकडो वेळा जेवल्या. सुमनताई मात्र या घराच्या ओटीच्या पुढे कधी गेल्या नाहीत. जुनं घर पाडलं, नवं बांधलं, हिराबाईंची आजी जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी त्या दारातच थांबतात. कुणी अडवत नाही. त्याच थांबतात.

आमच्याकडे असं नसतं, असं मी मनात म्हणू लागलो होतो. मग आमच्या गावची दोन-तीन दारं आठवली.

सत्काराचा दिवस

सत्कार सकाळी अकरा वाजता शाळेच्या पटांगणात होता. रघुशेठनी एक नवीन कल्पना काढली होती. फीत कापायची नाही. कादंबरीचा मान राखून प्रमुख पाहुण्यांनी भाकरी फाडून उद्घाटन करायचं. भाकरी अर्थातच खुद्द नायिकेच्या हातची हवी. हिराबाईंनी आधी त्यांना वाटेला लावलं होतं, पण आदल्या संध्याकाळी 'करते' असा निरोप पाठवला. रघुशेठ खूश होऊन चांदीचं तबक घेऊन आले.

साडेनऊला मी सुमनताईंना घेऊन निघालो. अकरा देशांच्या विमानतळांवरून सरळ चालत आलेल्या या बाईंना खालच्या आळीतून वरच्या आळीत यायला अर्धा तास लागला. वाटेत त्या दोनदा थांबल्या. एकदा चपलेत खडा गेला म्हणून, एकदा इर्शाळगड किती छान दिसतोय म्हणून. चपलेत खडा नव्हता, आणि गड त्यांना रोजच दिसतो.

ग्रॅनाइटच्या चौकटीपाशी त्यांचे पाय थांबलेच.

"सुमे," आतून आवाज आला, "तवा तापलाय. येतीस का नाय?"

सुमनताईंनी माझा दंड धरला. मग सोडला आणि त्या आत गेल्या. त्यांच्या मागून मी.

हिराबाई घरातल्या गॅसपाशी एकट्याच होत्या. बायकांना त्यांनी बाहेर पाठवलं होतं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, मग थेट आचेवर धरली. ती टम्म फुगली. ती त्यांनी चांदीच्या तबकात न ठेवता साध्या ताटलीत ठेवली.

"फाटली?"

"नाय गं."

"त्या दिशी फाटली हुती?"

"नाय."

"मंग सांग ह्यांना. मी हाय म्हनते."

सुमनताईंनी सांगितलं. नजर त्या ताटलीवरच. दहा वर्षांच्या दोघी. घरात कुणी नाही बघून हिराने मैत्रिणीला चुलीपाशी बोलावलं, आपण केलेली पहिली सबंध भाकरी दाखवायला. एकच झाली होती. सुमनने ती मोडली आणि अर्धी हिराच्या हातात दिली. हिराने घास घेतला आणि आजी दारात आली. आजीने हिराच्या हातातली अर्धी भाकरी हिसकून अंगणात भिरकावली, सुमनला हाकललं, चूल सारवून काढली आणि हिराला अंगणात उभी करून तिच्या डोक्यावर गार पाण्याची घागर ओतली. सुमन कुंपणामागून बघत होती. पौषाची थंडी होती.

"कसं लिहू?" सुमनताई म्हणाल्या. आता त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. "तुझी पोरं, तुझ्या सुना याच आळीत ऱ्हातात. तुझ्या आजीला कशी उभी करू सगळ्यांसमोर? म्हनून सगळं भाकरीवर टाकलं."

"म्हातारीची लाज राखलीस," हिराबाई म्हणाल्या, "आनि माजी घालवलीस. मी सांगितलं हुतं का राखायला? अगं, भाकरीचं काय घेऊन बसलीस! त्या दिशी मी तुला आत बोलावली. न भिता बोलावली. जल्मात येवढी येकच हिंमत केली मी. आनि तू लिवलंस, तू आत आलीस नि माजी भाकरी फाटली. म्हंजे मी तुला भ्यायले, आसंच ना? जगात सगळीकडं मी भ्यायले?"

सुमनताई रडल्या. हिराबाईही रडल्या, पण गॅस बंद करायला विसरल्या नाहीत. मी भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या सुट्ट्या वाचत उभा राहिलो.

मग सुमनताईंनी पुढे होऊन ती भाकरी मोडली आणि अर्धी हिराबाईंच्या हातात दिली. दोघींनी उभ्या उभ्या खाल्ली, रात्रीच्या सुकटीबरोबर. मला कुणी विचारलं नाही.

रघुशेठचा फोन तीनदा वाजून गेला. चौथ्यांदा मी घेतला. "भाकरी निघाली का? पाहुणे येऊन बसलेत!"

"भाकरी संपली," मी सांगितलं.

आम्ही पटांगणात पोहोचलो तेव्हा प्रमुख पाहुणे, मुंबईचे एक नामवंत समीक्षक, रिकाम्या टेबलाशेजारी अवघडून बसले होते. कुणीतरी धावत जाऊन शाळेतून लाल फीत आणली. फीत कापून झाल्यावर पाहुणे फाटलेल्या भाकरीवर चाळीस मिनिटं बोलले. भाषण त्यांनी मुंबईहूनच लिहून आणलं होतं, त्यात त्यांचा दोष नाही. पहिल्या रांगेत शेजारीशेजारी बसलेल्या दोघींपैकी एकीने मधेच खणखणीत आवाजात विचारलं, "कुनाची फाटली म्हंतो ह्यो?" आणि जागतिक कीर्तीच्या लेखिका पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की रघुशेठना पाण्याचा ग्लास पाठवावा लागला.

परत कोल्हापूर

निघताना हिराबाईंनी गाडीत खायला चार भाकऱ्या बांधून दिल्या. आठ दिवसांनी सुमनताईंचा नवा मजकूर आला. दोन ओळींच्या जागी दीड पान, पुन्हा हजेरीच्या तक्त्याच्या पाठीवर. बऱ्याच दिवसांनी लिहिलं, असं खाली त्यांनी लिहिलं होतं. मी अनुवादक बाईंना कळवलं. त्यांचं काळजीचं पत्र आलं. भाकरी फाटलीच नसेल तर इंग्रजी पुस्तकाच्या नावाचं काय करायचं? आणि परीक्षकांना काय सांगायचं? मी उत्तर दिलं की त्यांना उकड काढायला शिकवा. त्यावर अजून काही आलेलं नाही.

मुखपृष्ठावरची चीर काढून टाकली. छापखान्यातल्या माणसाने फोन करून विचारलं, कादंबरीवर नुसता चंद्र का टाकलाय. टपरीवरचे मित्र म्हणाले, पुरस्कार मिळाला की माणसं बिघडतात. तो ठरावही एकमताने मंजूर झाला.

शेवटचं मुद्रित घेऊन मी सुमनताईंना फोन लावला. उचलला हिराबाईंनी. दुपारच्या चहाची वेळ होती. "ती दूध आनायला गेलीय. मला वाचून दावा," त्या म्हणाल्या.

मी दीड पान वाचलं.

"बराबर हाय," हिराबाई म्हणाल्या. "पन आज्जीचं नाव कुटंय?"

"नाव नाही लिहिलं त्यांनी. नुसतं 'आजी' लिहिलंय."

"घाला. सोनाबाय. तिनं केलं ते तिच्या नावानं ऱ्हाऊ दे." मग म्हणाल्या, "आनि आसं बी लिवा, का हिराला भाकरी तिनंच शिकवली हुती. माजी कदी फाटत नाय ती तिच्यामुळंच."

मी दोन्ही लिहून घेतलं.